राहिलेली दहावी मोठेपणी पूर्ण करताना: गोव्यातल्यांसाठी पायरीपायरीने

गेल्या गणेशचवथीनंतरची गोष्ट. डिचोलीतल्या वाचनालयात मी संध्याकाळी बसतो, तिथे एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. वय त्रेचाळीस, अंगणवाडीत मदतनीस. "सर, ॲडमिशन घेऊन वर्ष झालं, पैसे भरले, पुस्तकंही आली. पण परीक्षेचं पत्र काही आलं नाही." पिशवीत प्रवेशाची पावती होती, परीक्षेची नव्हती. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करायची असते, वेगळी फी भरायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फॉर्म भरून देणाऱ्याने संपर्कासाठी स्वतःचाच मोबाइल नंबर दिला होता, त्यामुळे आलेले संदेश त्याच्याच फोनमध्ये पडून राहिले. एक वर्ष फुकट गेलं.

अशी माणसं दर दोन-तीन महिन्यांनी येतात. कुणाचा अभ्यास कमी पडलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. फॉर्म आधी भरतात, विषय नंतर पाहतात आणि नावातला घोळ शेवटी सापडतो. म्हणून इथे क्रमच लिहितो आहे.

## टप्पा १: दहावी कशाला हवी, ते कागदावर लिहा

हे वाचून हसू येईल, पण विषय कोणते घ्यायचे हे इथेच ठरतं.

नोकरीत बढतीसाठी नुसतं दहावी उत्तीर्ण पुरत असेल, तर पाचही विषय सोपे निवडता येतात. आयटीआयला जायचं असेल तर नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर अशा बऱ्याच ट्रेडना दहावीत गणित आणि विज्ञान लागतं. ते सोडून दहावी काढली, तर प्रमाणपत्र खरं असूनही आयटीआयच्या खिडकीवरून परत यावं लागतं.

आखातात जाणाऱ्यांचा हेतू आणखी निराळा असतो. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारची इमिग्रेशन परवानगी घ्यावी लागते. दहावीचं प्रमाणपत्र हाती आलं की हा शिक्का काढून घेता येतो. अशांना विषय कोणतेही चालतात, पण नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. त्यांच्यासाठी टप्पा ३ सगळ्यात महत्त्वाचा.

तपासा: ज्या नोकरीसाठी किंवा कोर्ससाठी दहावी करताय, तिथली जाहिरात किंवा माहितीपत्रक काढून "शैक्षणिक पात्रता" ही ओळ स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

## टप्पा २: रस्ता कोणता, ते ठरवा

मराठीत इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा "१७ नंबर फॉर्म" येतो. तो महाराष्ट्र राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा फॉर्म आहे, गोवा बोर्डाचा त्याच्याशी संबंध नाही. सावंतवाडीला मामा आहे म्हणून तिकडून फॉर्म भरायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. गोव्यात राहून, गोव्यात काम करून परीक्षा द्यायची असेल तर तो रस्ता मोठ्या वळणाचा आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी गोवा बोर्डाच्या दहावीत एखाददुसरा विषय राहिला असेल, तर आधी आपल्या जुन्या शाळेत जा आणि त्या विषयांना पुन्हा बसता येईल का ते मुख्याध्यापकांना विचारा. पर्वरीला बोर्डाच्या कचेरीत धाव घेण्याआधी शाळेत विचारणं सोपं पडतं.

शाळा सुटून दहा-वीस वर्षं झालेल्यांसाठी सरळ रस्ता म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे जिला एनआयओएस म्हणतात. ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिची दहावी नेहमीच्या बोर्डाच्या बरोबरीने धरली जाते. दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षं, वरची मर्यादा नाही.

"उल्लास" या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा पास झालेले कित्येकजण ते प्रमाणपत्र दाखवून "माझी दहावी झाली ना?" असं विचारतात. नाही झाली. ती परीक्षा वाचन, लेखन आणि आकडेमोडीच्या पायाची आहे, दहावीची नाही. मात्र ज्यांनी ती दिली आहे त्यांना पुढे जायला काहीच अडचण नाही. थेट दहावी जड वाटत असेल तर एनआयओएसचाच मुक्त मूलभूत शिक्षणाचा कार्यक्रम आहे, त्यातला वरचा स्तर आठवीच्या बरोबरीचा असतो.

सावध: "एका महिन्यात दहावी, परीक्षा घरी, शंभर टक्के पास" अशी जाहिरात बसस्टँडच्या भिंतीवर दिसली तर नंबर लिहून घेऊ नका. मंडळाचं नाव कितीही भारदस्त असो, ते मान्यताप्राप्त नसेल तर पैसे जातात आणि वर खोटं प्रमाणपत्र वापरल्याचा ठपका बसतो तो वेगळाच. एनआयओएसचा प्रवेश त्यांच्याच अधिकृत संकेतस्थळावरून होतो. पत्त्याच्या शेवटी "डॉट एसी डॉट इन" आहे का पाहा, डॉट कॉम असेल तर मागे फिरा.

## टप्पा ३: नाव आणि जन्मतारीख, आधी हे सोडवा

गोव्यात सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, नाव जुळवायला कधी कधी चार महिने.

सगळे कागद टेबलावर पसरा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट असेल तर तो, आणि लग्न झालेल्या बायकांनी विवाहनोंदणीचा दाखला. एका कोऱ्या कागदावर रकाने आखा आणि प्रत्येक कागदावर नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख कशी लिहिली आहे ते इंग्रजी स्पेलिंगसकट उतरवा. नुसतं वाचू नका, हाताने लिहा. वाचताना डोळा चूक सांभाळून घेतो, हात घेत नाही.

आपल्याकडे जुन्या नोंदींमध्ये पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग राहून गेलेलं आहे. जन्मदाखल्यावर शांताराम एक्सने सुरू होतो आणि आधारवर एस-एचने. नाईक कुठे के-ने संपतो, कुठे क्यू-यू-ई-ने. माणूस तोच, पण संगणकाला ते दोन निराळे इसम वाटतात. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव जन्मदाखल्यावर, सासरचं आधारवर आणि बँकेत तिसरंच काहीतरी.

काय करायचं?

आधी जन्मदाखला बरोबर आहे का ते ठरवा, कारण पुढे पासपोर्ट, नोकरी, पेन्शन सगळं त्याच्याकडे बोट दाखवतं. जन्मदाखल्यातच चूक असेल तर तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दुरुस्तीची वाट धरा. नावच बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. नुसतं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र करून "झालं काम" असं समजू नका. जन्मदाखला ठीक असेल आणि आधार चुकलं असेल, तर आधार सुधारणं त्या मानाने सोपं. सासरच्या नावाने फॉर्म भरायचा असेल तर विवाहाचा दाखला जोडीला हवाच.

जन्मतारखेचंही असंच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी "जूनमध्ये सहा पूर्ण" व्हावी म्हणून लावलेली तारीख आणि खरी तारीख यांत फरक असतो. तो आता निस्तरा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा तारीख छापली की पुढचं सगळं आयुष्य तीच तारीख पुढे केली जाते.

एक जाता जाता सांगतो. या प्रवेशासाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागत नाही. तो राज्य सरकारच्या नोकऱ्यांसाठी असतो. तरीही माणसं मामलेदाराच्या कचेरीत दोन दिवस घालवून तो आणतात आणि अभिमानाने माझ्यासमोर ठेवतात. राहण्याच्या पुराव्याला आधार पुरतं.

तपासा: तुमच्या रकान्यांच्या कागदावर जन्मदाखल्याची आणि आधारची ओळ अगदी सारखी दिसते का? दिसत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ४: माध्यम आणि विषय

गोव्यात आपली बरीच पिढी चौथीपर्यंत मराठीत शिकली आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जाऊन पडली. कित्येकांची शाळा सुटण्याचं खरं कारण तेच. म्हणून "इंग्रजी माध्यम घेतलेलं बरं, त्याला मान असतो" असं कुणी म्हटलं की मी विचारतो: तुम्ही रात्री जेवून झाल्यावर, दमलेले असताना, कुठल्या भाषेतलं पान वाचू शकता? उत्तर मराठी असेल तर मराठी माध्यम घ्या. एनआयओएसच्या दहावीला मराठी माध्यम आहे. सगळे विषय सगळ्या माध्यमांत मिळत नाहीत, म्हणून विषय पक्के करताना त्या वर्षाच्या माहितीपत्रकातली यादी उघडून ठेवा.

मराठी माध्यम घेतलं तरी इंग्रजी हा एक विषय म्हणून घेता येतो, आणि शक्य असेल तर घ्याच. हॉटेलात, दुकानात रोज इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला तो वाटतो तितका जड जात नाही.

नियम साधा आहे: कमीत कमी पाच विषय, त्यांत एक किंवा दोन भाषा. जादा विषय धरून सातपर्यंत जाता येतं. मराठीचा विषय क्रमांक २०४, इंग्रजीचा २०२, गणित २११, विज्ञान व तंत्रज्ञान २१२, सामाजिक शास्त्र २१३. फॉर्ममध्ये आणि हॉलतिकिटावर हेच क्रमांक येतात, म्हणून आपले पाच क्रमांक पाठ करा.

विषय निवडताना लोक "सोपा कोणता" एवढंच विचारतात. त्याच्या जोडीला "प्रात्यक्षिक आहे का" हेही विचारा. विज्ञानाला प्रात्यक्षिक असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. गणितालाही असतं, हे ऐकून बहुतेकजण दचकतात. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री यांनाही आहे. प्रात्यक्षिक म्हणजे वेगळा दिवस, वेगळी रजा, कधी वेगळं गाव. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत स्वतंत्रपणे ३३ टक्के लागतात. भाषा, सामाजिक शास्त्र, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन, मानसशास्त्र, भारतीय संस्कृती आणि वारसा यांना प्रात्यक्षिक नाही.

इथे माझीच एक चूक सांगतो. सत्तरीतला एक बसकंडक्टर आला होता. हुशार वाटला म्हणून मी त्याला उत्साहाने गणित आणि विज्ञान दोन्ही घ्यायला लावलं. त्याला आयटीआयला जायचं नव्हतं, नोकरीत दहावी दाखवायची होती इतकंच. लेखी पेपर त्याने चांगले दिले, पण विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी ड्युटी बदलून मिळाली नाही आणि तेवढ्यावरून निकाल सहा महिने लांबला. टप्पा १ मी त्याला विचारलाच नव्हता.

ज्यांना गणित-विज्ञान लागत नाही, त्यांच्यासाठी माझी नेहमीची जोडणी मराठी, इंग्रजी, सामाजिक शास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि गृहविज्ञान किंवा मानसशास्त्र अशी असते. दुकान चालवणाऱ्याला व्यवसाय अध्ययन वाचताना आपलीच वही वाचतोय असं वाटतं.

जुने पास झालेले विषय: पूर्वी मान्यताप्राप्त बोर्डाच्या दहावीत नापास झालात, पण काही विषय सुटले असतील, तर त्यातल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण इकडे आणता येतात. याला टीओसी म्हणतात. मूळ गुणपत्रिका हवी, आणि किती जुनी चालते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहायचं. गुण जसेच्या तसे येतात हेही लक्षात घ्या. पस्तीस मार्कांनी सुटलेला विषय आणला तर पस्तीसच राहतात.

## टप्पा ५: अभ्यासकेंद्र निवडा, पण आधी तिथे जाऊन या

फॉर्ममध्ये अभ्यासकेंद्र निवडावं लागतं. यादीतलं घराजवळचं नाव दिसलं की लोक टिचकी मारतात. थांबा. एकदा स्वतः जा आणि तीन प्रश्न विचारा. संपर्कवर्ग, म्हणजे केंद्रावरचे शिकवणीचे वर्ग, कोणत्या वारी आणि किती वाजता असतात? मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मराठीत समजावणारे शिक्षक आहेत का? प्रात्यक्षिकं इथेच होतात का?

पेडण्याहून म्हापशाला किंवा काणकोणहून मडगावला शनिवारी जाणं वेगळं आणि रोज संध्याकाळी जाणं वेगळं. शेवटची बस किती वाजता आहे, हा प्रश्न अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा आहे. विशेषतः बायकांसाठी.

## टप्पा ६: कुठली परीक्षा धरायची

सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. प्रवेशाचेही दोन गट आहेत. उन्हाळ्यापासून साधारण जुलैपर्यंतचा पहिला गट पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मेला बसतो. साधारण सप्टेंबर ते जानेवारी हा दुसरा गट, तो पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला. नेमक्या तारखा दर वर्षी बदलतात आणि उशीर झाला की विलंबशुल्क लागतं.

आपलं काम पाहून गट निवडा. शॅकवर किंवा हॉटेलात काम करणाऱ्याला जून ते सप्टेंबर मोकळे मिळतात. त्याने पावसाळ्यात अभ्यास करून ऑक्टोबरची परीक्षा धरावी, म्हणजे त्याला आधीच्या हिवाळ्यातच प्रवेश घेऊन ठेवावा लागतो. भातशेती करणाऱ्याचं उलटं. ऑक्टोबरात कापणी-मळणी चालू असते, त्याने एप्रिल धरावा. पण काजूची बाग असेल तर एप्रिलही अवघड, बोंडं वेचायला घरातली सगळी माणसं लागतात. अशा घरात मी दोन-दोन विषय वाटून द्यायला सांगतो.

वाटून देता येतात, हीच या पद्धतीची मोठी सोय आहे. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी पाचही विषय द्यायलाच हवेत असं नाही. पास झालेला विषय जमा होत जातो. पहिल्या वेळी मराठी आणि आणखी एक, असे दोनच विषय द्या. वीस वर्षांनी परीक्षेच्या बाकावर बसलेल्या माणसाला पहिला निकाल "उत्तीर्ण" दिसला, की पुढचे तीन विषय अर्धे सोपे होतात.

मागणीनुसार परीक्षेची, म्हणजे आपल्या सोयीचा दिवस निवडून द्यायच्या परीक्षेची, सोयही आहे, पण ती ठरावीक केंद्रांवरच होते. जवळचं केंद्र कुठे आहे ते पाहूनच तिचा विचार करा.

## टप्पा ७: फॉर्म

सगळे कागद तयार झाल्यावर, आता.

लागतं ते असं: ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, राहण्याचा पुरावा, अलीकडचा फोटो, सही, लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, आणि आठवीचा दाखला. आठवीचा दाखला नसेल तर घाबरू नका. दहावीचा अभ्यास करण्याइतकं ज्ञान मला आहे, असं स्वतःचं प्रमाणपत्र सही करून देता येतं. दाखला हरवलेल्या आणि शाळा बंद पडलेल्या कितीतरी जणांचे प्रवेश याच कागदावर झाले आहेत.

सायबर कॅफेत किंवा केंद्रावर भरायला देत असाल तर हे पाळा:

मोबाइल नंबर तुमचा. ईमेल तुमचा, आणि त्याचा पासवर्ड तुमच्या वहीत. ईमेल नसेल तर तिथेच नवीन काढून घ्या, पण मुलाचा किंवा दुकानदाराचा देऊ नका. मुलगा पुण्याला गेला की ओटीपीही पुण्याला जातो.

सही आताची असावी. बँकेत वीस वर्षांपूर्वी केलेल्या सहीची नक्कल करत बसू नका, पण जी कराल तीच परीक्षेतही करायची आहे.

"सबमिट" दाबण्याआधी पडद्यावरचं नाव मोठ्याने, अक्षरं सुटी करून वाचा. माध्यम वाचा. पाच विषय क्रमांक वाचा. मग पैसे भरा. फी बायकांसाठी आणि सवलतीच्या गटांसाठी कमी असते, म्हणून आपला गट बरोबर निवडला आहे ना तेही पाहा. पावतीची छापील प्रत घ्या. संदर्भ क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रवेश पक्का झाल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक त्याच्याच खाली.

सावध: फॉर्म भरला म्हणजे प्रवेश पक्का झाला असं नाही. कागदात त्रुटी निघाली तर कळवतात आणि ती सुधारायला मुदत देतात. महिनाभर दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून स्थिती पाहा.

## टप्पा ८: टीएमए, म्हणजे घरी लिहायचा गृहपाठ

प्रत्येक विषयाचा एक गृहपाठ लिहून द्यायचा असतो. त्याला टीएमए म्हणतात आणि लेखीच्या गुणांत त्याचा वाटा २० टक्के असतो. मोठी माणसं याला "पोरांचं काम" समजून सोडून देतात, किंवा भाच्याकडून लिहून घेतात. असं करू नका. घरबसल्या, पुस्तक समोर ठेवून मिळणारे गुण हेच.

प्रश्न संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे, आपल्या हस्ताक्षरात लिहायचे, पानांचे स्वच्छ फोटो किंवा स्कॅन करून मुदतीत अपलोड करायचे. एप्रिलच्या परीक्षेसाठी साधारण जानेवारीअखेर, ऑक्टोबरसाठी साधारण जुलैअखेर मुदत असते. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ जड होतं आणि वाळपईच्या पुढे नेटवर्कही. आठवडाभर आधी उरका.

धड्यांची विभागणी केलेली असते: काही धडे टीएमएसाठी, उरलेले सार्वजनिक परीक्षेसाठी. ती यादी उतरवून घेऊन पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर दोन रंगांनी खुणा करा. हे न करता पहिल्या धड्यापासून सगळं पुस्तक पाठ करायला बसलेला माणूस फेब्रुवारीत थकून पुस्तक बंद करतो.

## टप्पा ९: परीक्षेची वेगळी नोंदणी

सुरुवातीच्या ताई इथेच अडकल्या होत्या.

प्रवेशाची फी वेगळी, परीक्षेची वेगळी. परीक्षेची फी विषयागणिक लागते आणि प्रात्यक्षिकाची त्यावर जादा. ज्या परीक्षेला बसायचं आहे तिच्यासाठी आपल्या लॉगिनमध्ये जाऊन विषय निवडायचे, पैसे भरायचे, पावती घ्यायची. कुणीही घरी पत्र पाठवत नाही. एप्रिल-मेच्या परीक्षेची नोंदणी हिवाळ्यात उघडते, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पावसाळ्याच्या सुरुवातीला. मुदत गेली की आधी विलंबशुल्क, मग दार बंद.

माझा उपाय साधा आहे. कालनिर्णयच्या डिसेंबरच्या आणि जूनच्या पानावर पहिल्या सोमवारी लाल पेनाने लिहायचं: "परीक्षा फॉर्म उघडला का?" त्या दिवसापासून दर सोमवारी पाहायचं. त्या ताईंच्या स्वयंपाकघरात आता गॅसच्या नोंदीखाली ही ओळ आहे.

पुढे हॉलतिकीट स्वतःच उतरवून घ्यावं लागतं. प्रात्यक्षिकं लेखीच्या आधी होतात, म्हणून "पेपर अजून महिन्याने आहे" म्हणत बसलात तर प्रात्यक्षिक निघून जाईल.

तपासा: हॉलतिकिटावर नाव, फोटो, विषय क्रमांक, माध्यम, केंद्र. केंद्र अनोळखी गावात असेल तर आदल्या रविवारी एकदा बसने जाऊन या आणि किती वेळ लागतो तो मोजा.

## टप्पा १०: अभ्यास आणि पेपर

अभ्यासाबद्दल सल्ले सगळेच देतात, मी दोनच देतो.

पहिला, चाळिशी ओलांडली असेल तर पुस्तक उघडण्याआधी डोळे तपासून घ्या. "माझ्या डोक्यात शिरत नाही" म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघांना जवळचा चष्मा लागलेला निघतो.

दुसरा, हात तयार करा. पेपर बहुधा तीन तासांचा असतो आणि वीस वर्षं सही आणि बाजाराची यादी यापलीकडे काही न लिहिलेला हात चाळीस मिनिटांत आखडतो. रोज दहा मिनिटं लिहा, घड्याळ लावून, काहीही: वर्तमानपत्रातली बातमी, देवळाच्या जत्रेचा कार्यक्रम. महिनाभराने अर्धा तास. पेपराआधी दोन वेळा तरी पूर्ण तीन तास बसून जुनी प्रश्नपत्रिका सोडवा, मधे चहाला न उठता.

पेपरात वस्तुनिष्ठ प्रश्न भरपूर असतात. ते आधी सोडवा, म्हणजे मोठी उत्तरं लिहिताना मन शांत राहतं. आणि येत नाही म्हणून प्रश्न कोरा सोडू नका.

## टप्पा ११: निकालानंतर

एखादा विषय राहिला तर प्रवेश पुन्हा घ्यायचा नाही. त्याच नोंदणी क्रमांकावर पुढच्या परीक्षेला फक्त त्या विषयाची फी भरायची. लोक इथे घाबरून नवा प्रवेश घेतात आणि दोनदा पैसे भरतात. नवा प्रवेश पाच वर्षं संपल्यावरच लागतो.

पुढे बारावी करायची असेल तर दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं, हे धरून आखणी करा.

गुणपत्रिका, प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र हातात आलं की टप्पा ३ मधला रकान्यांचा कागद काढून नाव आणि जन्मतारीख पुन्हा जुळवा. चूक असेल तर त्याच आठवड्यात अर्ज करा. डिजिलॉकरमध्ये प्रत येते का तेही पाहून ठेवा.

आणि कागद हातात आल्या आल्या म्हापशाच्या बाजारात लॅमिनेशन करायला धावू नका. आखातात किंवा बोटीवर जायचं ठरलं तर मूळ प्रमाणपत्रावर साक्षांकनाचे शिक्के लागतात, आणि प्लास्टिकवर शिक्का मारत नाहीत. पारदर्शक फोल्डर घ्या, त्यात कापराची एक वडी टाका आणि लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवा. पावसाळ्यात खालच्या फळीला ओल येते.